होडीचा खरखरीत तळ

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या विकास नगरच्या गल्लीतले कडुनिंब पानं गाळू लागतात. सकाळी झाडलेलं अंगण चहा होईपर्यंत पुन्हा पिवळं होतं. स्वेटर धुऊन ट्रंकेत गेलेले असतात आणि कूलर अजून माळ्यावरून खाली आलेले नसतात. लखनौला असा मधला काळ फार थोडा मिळतो. जानेवारीचं धुकं हाडांत शिरतं, मे महिन्यातली लू डोळे भाजून काढते, आणि या दोहोंच्या मध्ये हे एवढेसे दिवस, कोरडे, हलके, मलिहाबादकडून येणाऱ्या वाऱ्यात आंब्याच्या मोहोराचा वास असलेले.

याच दिवसांत आमच्या कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात काम वाढतं. रंग सुकायला अशी हवा पुन्हा मिळायची नाही, म्हणून लोक गाड्या आणून उभ्या करतात. थिनरचा उग्र वास गल्लीभर पसरतो. येणारे-जाणारे ओढणी, रुमाल नाकाला लावून झपाझप पुढे जातात. मी मात्र भाजीची पिशवी हातात घेऊन तिथे उगाचच रेंगाळते. त्या वासाबरोबर मला एक फाल्गुन परत मिळतो. त्या फाल्गुनात मी, माणदेशातली बाई, जिला पोहता येत नाही, जिच्या माहेरी पाणी टँकरनं यायचं आणि जिनं लहानपणी सगळ्यात खोल पाणी पाहिलं ते घरामागच्या हौदातलं, ती मी एका अॅल्युमिनियमच्या होडीला आतून लेप देत होते.

होडी ह्यांची. हे भंडाऱ्याकडचे, तलावांच्या मुलखातले. तिथं प्रत्येक गावाला आपला तलाव आणि प्रत्येक पोराच्या हातात गळ. रेल्वेत इंजिनियर झाले, बदल्या होत होत लखनौला आले, आणि इथेच निवृत्त झाले. गाव सुटलं पण गळ सुटला नाही. नोकरीत असतानाच कधीतरी पुराच्या कामात वापरून बाद केलेल्या होड्यांच्या लिलावातून ही घेऊन आले. सपाट तळाची, दोन आडव्या फळ्यांची, जागोजागी पोचे आलेली. छोट्या टेम्पोतून ती दारात उतरली तेव्हा शेजारच्या मिश्राजींनी विचारलं होतं, "पाटणकर साब, इसमें गेहूँ भरेंगे क्या?"

दर रविवारी पहाटे हे शहराबाहेर, गोमतीच्या वरच्या अंगाला जायचे. तिथे रामसनेही नावाचे एक शेतकरी ह्यांचे स्नेही होते. नदीच्या वाळूत ते काकड्या-खरबुजं लावायचे आणि होडी त्यांच्याच काठाला बांधलेली असायची. दुपारी हे परत यायचे ते उन्हानं तांबूस झालेले, अंगाला शेवाळाचा वास, पिशवीत कधी रोहू, कधी नुसतीच रामसनेहींनी दिलेली काकडी. मी कधीच बरोबर गेले नाही. मला पाण्याची भीती वाटते हे ह्यांना ठाऊक होतं आणि ह्यांनी कधी आग्रह केला नाही. आमच्या संसारात रविवार सकाळ ही ह्यांची एकट्याची होती, आणि मलाही तेव्हा घर एकटीचं मिळायचं. त्यात मी सुखी होते.

मग ह्यांचा उजवा हात थरथरू लागला.

सुरुवातीला अंगठाच तेवढा. पेपर वाचताना पानाची कड फडफडायची, वारा नसताना. हे हात खिशात घालून बसू लागले. चहाचा कप डाव्या हातानं उचलू लागले. मी विचारलं की म्हणायचे, "मान आखडली आहे, नस दबली असेल." डॉक्टरांनी कंपवात सांगितला तेव्हा हे त्यांच्याशी जुन्या रेल्वे इंजिनांबद्दल बोलत बसले, जणू आजार दुसऱ्याच कुणाचा आहे. घरी आल्यावरही तो शब्द ह्यांनी उच्चारला नाही. शर्टाची बटणं लावायला स्नानघरात अर्धा-अर्धा तास लागायचा. दार बंद असायचं. मी बाहेर उभी असायची आणि पावलांचा आवाज न करता परत फिरायची. मदत करायला गेलं की ह्यांचा चेहरा असा व्हायचा, की वाटायचं आपण काहीतरी हिसकावून घेतलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी हे होडीत घसरले. ओलं अॅल्युमिनियम म्हणजे साबणासारखं. फळीवरून उठताना पाय सटकला आणि बरगडी दुसऱ्या फळीवर आदळली. रामसनेहींनी पाण्यात उतरून होडी ओढत काठाला आणली. पुढचे काही आठवडे हे पट्टा बांधून अंथरुणावर. होडी टेम्पोत घालून घरी आली आणि घराच्या बाजूच्या बोळकांडीवजा जागेत, कडुनिंबाखाली, विटांवर पालथी पडली. थंडीभर तिच्यावर धुकं ठिबकत राहिलं.

आमची मुलगी मुक्ता जानकीपुरमला राहते, तिथल्याच एका प्रयोगशाळेत काम करते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं. ती त्या रविवारनंतर म्हणाली, "पापा, बहुत हो गया. अब वो नाव बेच दो."

हे म्हणाले, "हं."

तेवढंच. त्या 'हं'ला मुक्तानं होकार मानलं. मीही मानलं असतं. बाप भर नदीत होडीत पडला हे रामसनेहींच्या फोनवरून ऐकणाऱ्या मुलीला आणखी काय सुचणार? तिनं एक भंगारवाला शोधला आणि माघ सरता सरता एका सकाळी तो येणार असं ठरवलं.

त्या सकाळी मी भाजी निवडत होते. बाहेरून पाण्याचा आवाज येत होता, नळीचा. बाहेर जाऊन पाहिलं तर हे होडीपाशी उकिडवे बसले होते. हातात घरातलं जुनं फडकं. होडीची बाहेरची बाजू पुसत होते. डावा हात पुसत होता आणि उजवा त्या पत्र्यावर नुसताच टकटक टकटक वाजत होता, आपल्या मनानं.

"अहो, ती भंगारात जाणार आहे. पुसताय कशाला?"

"स्वच्छ जाऊ दे," हे म्हणाले.

मग ह्यांना उठायचं होतं आणि उठता येईना. होडीच्या काठाला धरून दोनदा प्रयत्न केला. माझ्याकडे बघितलं नाही. मी पुढे झाले नाही. तिसऱ्या वेळी उठले, आणि उठल्यावर दुसरीकडे तोंड करून फडकं पिळत राहिले, त्यातलं पाणी संपलं तरी.

भंगारवाला आला तेव्हा मी फाटकातच त्याला म्हटलं, "भैया, माफ करना, नाव नहीं देनी."

तो बिचारा हातगाडी घेऊन आलेला. मी त्याला चहा दिला, जुनी लोखंडी कॉट दिली, आणि वाटेला लावलं. आत येऊन बघते तर हे दारात उभे.

"का परत पाठवलंस?"

"तुम्ही घसरलात कशानं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आजारानं घसरलात, की होडीनं?"

इतक्या महिन्यांत आजार हा शब्द आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदाच घरात आणला होता. मग ह्यांच्यातला इंजिनियर हळूच जागा झाला. "दोन्ही," हे म्हणाले. "पण होडीचं काहीतरी करता येईल."

आणि मग बोलू लागले. मालवाहू गाड्यांच्या हौद्यात एक लेप मारतात, फवाऱ्यानं. सुकला की रबरासारखा, पण वरून खरखरीत, पॉलिश पेपरसारखा. त्याच्यावर ओला पायही सरकत नाही. धातू गंजत नाही, उन्हात तेवढा तापत नाही, आवाजही दबतो. मासा आवाजाला पळतो, हे त्यातच सांगून टाकलं. कितीतरी दिवस ह्यांनी याचा विचार केलेला दिसत होता. कुणाला बोलले नव्हते.

"मग मारू या," मी म्हटलं.

"कोण मारणार? माझा हात बघतेस ना."

"माझा आहे की."

हे माझ्याकडे बघून हसले. त्या हिवाळ्यातलं पहिलं हसणं.

कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक इरफान. त्याला बोलावलं. तो होडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "साहब, हमने जीप की है, लोडर किया है. नाव तो पहली बार देख रहे हैं." पण त्याला मौज वाटली. कंप्रेसर आणि गन तो देणार होता, सामानही आणणार होता. मी स्वतः मारणार म्हटल्यावर त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी कडुनिंबाकडे पाहिलं. "अच्छा," इरफान म्हणाला, "तो फिर पहले घिसाई कीजिए. असली काम तो घिसाई है."

घिसाई! त्या शब्दानं आमचा पंधरवडा व्यापला. मिश्राजींनी आणि इरफाननं मिळून होडी सुलटी केली. आतलं दृश्य बघून मी नाक धरलं. वाळलेलं शेवाळ, माशांचे खवले, पांढरट बुरशीसारखे डाग. हे म्हणाले ती बुरशी नाही, अॅल्युमिनियमचा गंज असाच पांढरा असतो. मी स्टुलावर बसून घासायचे. आधी साबणानं, मग तारेच्या ब्रशनं, मग पॉलिश पेपरनं. हे समोर खुर्ची टाकून बसायचे आणि कुठे राहिलंय ते काठीनं दाखवायचे. दुपार व्हायची, कोकिळा ओरडायची, वरून कडुनिंबाची पानं होडीत पडत राहायची आणि हे काठीच्या टोकानं एकेक पान बाहेर काढायचे.

त्या दुपारांमध्ये आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही बोललो नसू. तेव्हा घर भरलेलं होतं, नंतर बदल्या, मुक्ताच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची आजारपणं. आता हातात काम होतं आणि नजर कामावर, त्यामुळे बोलणं सोपं जायचं. हे त्यांच्या गावच्या तलावाबद्दल सांगायचे. पहाटे पाण्यावर वाफ कशी असते, शिंगाडे तोडणाऱ्या बायका टोपल्यांसारख्या डोंग्यांतून कशा फिरतात. मी आमच्याकडच्या माळाबद्दल सांगायची. शाळेतून येताना टँकरचा आवाज आला की दप्तरं फेकून आम्ही कशा घागरी घेऊन पळायचो. "म्हणून तू नळ घट्ट बंद करतेस," हे म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटायचं की तुझा स्वभावच करकचून बंद करायचा आहे."

एक दिवस ह्यांनी होडीत नळीनं पाणी भरायला लावलं. मला वाटलं, आता हे काय नवीन? हे म्हणाले, "खाली बघ." मी वाकून विटांमधून पाहिलं. तळाच्या दोन-तीन रिव्हेटांतून थेंब उतरत होते. होडी पाण्यात असताना ही गळती सापडत नाही, अशी उलटी परीक्षा घ्यावी लागते. मी खडूनं खुणा केल्या. मग पाणी काढून, होडी वाळवून, त्या जागी पुट्टी भरली. पुट्टी माझ्या नखांत कित्येक दिवस राहिली. लखनौच्या मराठी मंडळातल्या हळदीकुंकवाला गेले तर एक बाई म्हणाली, "वहिनी, हाताला काय लागलंय?" मी म्हटलं, "होडी." ती पुढे काही विचारायचीच विसरली.

मुक्ताला फोनवर कळलं तेव्हा ती चिडली. "मम्मी, आप लोग पागल हो क्या? वो केमिकल है! फेफड़े ख़राब हो जाएँगे. और पापा फिर से पानी में जाएँगे? आपने सोचा भी है?"

"सोचा है," मी म्हटलं. माझ्याही तोंडून हिंदीच निघालं.

"क्या सोचा है?"

मी तिला सांगितलं की तुझे बाबा काल दुपारी तीन तास बोलत होते. तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून सुटल्यावर ती परस्पर आमच्याकडे आली. चेहरा फुगलेला, पण हातात पिशवी, आणि पिशवीत चांगले, दोन बाजूंना डबे असलेले मास्क, चष्मे, हातमोजे. "ये कपड़ा-वपड़ा बाँधके नहीं चलेगा," ती म्हणाली. "और पापा हवा की उल्टी दिशा में बैठेंगे, दूर." ह्यांनी आज्ञाधारक मुलासारखी मान हलवली.

होळीच्या आधीच्या आठवड्यात, कोरड्या, ऊन चांगलं पडलेल्या एका सकाळी लेप द्यायचं ठरलं. फाटकाच्या, खिडक्यांच्या फटी ओल्या चादरींनी बंद केल्या. होडीच्या काठाला आणि पाणी काढायच्या भोकाला चिकटपट्टी लावली. थिनरनं शेवटचं पुसून घेतलं, त्यावर प्रायमरचा पातळ हात दिला. इरफाननं डबे आणले ते काळ्या रंगाचे. हे म्हणाले, "काला नहीं चलेगा. मई में पैर रखोगे तो पापड़ हो जाएगा." तो परत गेला आणि फिकट राखाडी घेऊन आला. डब्यात दुसरं द्रावण ओतून हलवायचं, गनला लावायचं, आणि ते घट्ट व्हायच्या आत संपवायचं. आधी एका जुन्या पत्र्यावर हात बसवून घेतला. जवळून मारलं तर गुळगुळीत आणि ओघळ, लांबून मारलं तर कोरडी वाळू. मधलं एक अंतर असतं. माझ्या हाताला ते हळूहळू कळलं.

कंप्रेसर धडधडू लागला. मास्कच्या आत माझा श्वास मलाच ऐकू येत होता. साडीचा पदर नको म्हणून मी मुक्ताचा जुना सलवार-कुडता घातला होता, डोक्याला प्लास्टिकची पिशवी. ह्यांच्या हाती मागून नळी धरायचं काम, लांबून. आणि सूचना.

"हात थांबवू नकोस! थांबलीस की थेंब जमतो."

"ऐकू येत नाही!"

"हात! हात चालू ठेव!"

रुपेरी पत्र्यावर राखाडी दाणेदार साय धरत गेली. पहिला हात झाला. थोडं थांबून दुसरा. माझा खांदा भरून आला, पण आत एक वेगळीच लय लागली होती. तेवढ्यात कुठूनसं कडुनिंबाचं एक पान आलं आणि ओल्या लेपात जाऊन बसलं. मी काढायला गेले तर इरफान ओरडला, "रहने दीजिए मैडम, निशान पड़ जाएगा!" ते तिथेच राहिलं, वरून लेप बसला, आणि होडीच्या तळाशी एका पानाचा आकार कायमचा उमटला.

शेवटी मागच्या फळीपाशी, ह्यांच्या बसायच्या जागेपुढचा कोपरा राहिला. हे जवळ आले. मुक्तानं दिलेला मास्क ह्यांनी लावलेला होता. हात पुढे केला. "दे, एवढं मी मारतो."

मी गन दिली. ह्यांनी ती दोन्ही हातांत धरली. फवारा सुटला आणि चिकटपट्टीवर, काठावर, माझ्या कुडत्यावर, विटांवर उडाला. हे थांबले. पुन्हा धरली. गनचं टोक एखाद्या पाखरासारखं इकडून तिकडे उडत होतं. इरफान मुद्दाम कंप्रेसरकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, आता हे तोंड फिरवून घरात जातील आणि दार लावून घेतील. संपलं सगळं.

ह्यांनी गन माझ्याकडे दिली. मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "नाही जमत, शैला. तू कर."

एवढेच शब्द. रागानं नव्हे, रडवेल्या सुरात नव्हे. आज भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं साध्या आवाजात. मी मास्कच्या आत होते म्हणून बरं. तो कोपरा मी पुरा केला. चष्म्याच्या आत धुकं धरलं होतं, तरी हात चालू ठेवला.

त्या दिवसानंतर घरातलं बरंच काही बदललं. दुसऱ्या सकाळी स्नानघराचं दार उघडं होतं. हे बाहेर आले, शर्ट तसाच, आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "बटणं." मी पोळपाट सोडून पिठाच्या हातांनीच लावली. निळ्या शर्टावर पांढरे ठसे उमटले. हे ते तसेच घेऊन पेपर वाचायला बसले.

लेप पक्का व्हायला काही दिवस लागतात आणि मध्ये होळी आली. गल्लीतली पोरं पिचकाऱ्या, फुगे घेऊन सज्ज. कच्च्या लेपावर पाणी पडलं तर सगळं वाया. ह्यांनी वर ताडपत्रीचा मांडव घातला आणि खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले, स्वतः नखशिखान्त रंगून. मिश्राजी गुजिया, म्हणजे इकडच्या खव्याच्या करंज्या, घेऊन आले, तेही तिथेच बसले. पोरांना सांगितलं, "हमको मारो जितना मारना है, नाव को नहीं." पोरांनी ते मनावर घेतलं. संध्याकाळी मुक्ता आली तेव्हा तिचा बाप हिरवा होता आणि होडी कोरडी. तिनं चप्पल काढली, होडीत उतरली, बादलीभर पाणी तळावर ओतलं आणि मुद्दाम पाय घासून, उड्या मारून घसरायचा प्रयत्न केला. घसरेना. पुन्हा केला. मग ती खाली बसली आणि तो खरखरीत तळ हातानं चाचपत राहिली.

"ठीक है," ती म्हणाली. "लेकिन अकेले नहीं, पापा."

"अकेला कोण जातोय?" हे म्हणाले, आणि दोघंही माझ्याकडे बघू लागले.

चैत्रात होडी पुन्हा टेम्पोत घालून आम्ही नदीवर गेलो. रामसनेहींच्या वेलींना बोटाएवढ्या काकड्या लागल्या होत्या. पिवळी फुलं वाळूवर पसरलेली. मला नारिंगी जॅकेट चढवलं, त्यात मी भोपळ्यासारखी दिसत असणार. होडीत पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ती हलली आणि मी दोन्ही हातांनी काठ धरला. पण पायाखालची जमीन, तिला जमीनच म्हणते मी, घट्ट होती. तळव्याला तिचा एकेक दाणा लागत होता. मी मारलेला, माझ्या हातचा दाणा.

वल्हं माझ्या हाती आलं आणि होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. काठावर रामसनेही हसून हसून बसले. "बहूजी, नदिया उधर है!" हे ओरडून सांगत होते, डावं, डावं, आता दोन्ही, आणि शेवटी एकदाची ती सरळ चालली. मग सगळं शांत झालं. गळाला कणकेची गोळी मी लावली. ह्यांच्या बोटांतून ती पडायची. गळ ह्यांनी टाकला, डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि तो झाकायची ह्यांना आठवणही नव्हती. एक टिटवी ओरडत वरून गेली. काठाच्या बाभळीचं प्रतिबिंब आमच्याबरोबर चालत होतं. मासा काही लागला नाही. हे म्हणाले, "आता कळलं मी इथे काय करतो रविवारी?"

"काहीच नाही करत," मी म्हटलं.

"हां. तेच."

त्यानंतर काही वर्षं आम्हाला ते रविवार मिळाले. आजार थांबला नाही. तो थांबत नाही हे आता आम्ही दोघं मोठ्यानं बोलू शकतो. आधी काठी आली, मग चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊ लागले, मग आवाज बारीक झाला. गेल्या थंडीत डॉक्टरांनी सांगितलं, आता होडी नको. ह्यांनी मान हलवली. घरी येताना रस्त्यात म्हणाले, "शैला, होडी नको म्हणाले, नदी नको नाही म्हणाले."

परवाच्या रविवारी मुक्तानं आम्हाला गाडीतून नेलं. रामसनेहींनी बाभळीच्या सावलीत ह्यांच्यासाठी खाट टाकली, उशीला टेकवून बसवलं. मुक्ता शेजारी बसली, काकड्यांवर मीठ लावून ह्यांना भरवत. मला वाटलं, आपणही इथेच बसावं. पण हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग हनुवटीनं होडीकडे खूण केली. आवाज जेमतेम निघाला. "जा ना."

"एकटी?"

"मी आहे की इथे."

मी गेले. जॅकेट घातलं, वल्हं घेतलं. होडी सरळ चालली, आता ती माझं ऐकते. नदीच्या मध्यावर जाऊन गळ टाकला. बराच वेळ काही नाही. मग दोरी ताणली, हाताला झटका बसला, आणि एक टेंगरा वर आला, वीतभर, मिशा हलवणारा, उन्हात चकचकीत. आयुष्यातला माझा पहिला मासा. मी उभी राहिले. हो, उभी राहिले, भर नदीत, मी. आणि मासा उंच धरून काठाकडे वळले.

तिकडे हे खाटेवर पुढे झुकून बसलेले दिसत होते. ह्यांचा उजवा हात वर होता आणि हलत होता. तो मला शाबासकी देत होता, की परत ये म्हणत होता, की नुसताच थरथरत होता, हे इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. मी मासा पाण्यात सोडला, माझाही हात वर करून तसाच हलवला, आणि होडी काठाकडे वळवली.